सावलीत सुकवायचं रक्त

कुठून आला, कोणाकडून आला, हे मी इथे सांगणार नाही. ज्यांना तेवढंच वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबावं, म्हणजे त्यांचाही वेळ वाचेल आणि माझाही. साखरेच्या आजारवाल्याला कोणी विचारत नाही की बाबा, साखर कोणाच्या घरची खाल्लीस. एचआयव्ही म्हटलं की मात्र सगळ्यांना आधी पत्ता पाहिजे असतो.

मी पवनी तालुक्यातल्या एका तलावाकाठच्या गावातली बाई. आम्ही ढिवर. नवरा तलावात जाळं टाकतो, मी आठवडी बाजारात मासोळी विकते, आणि जी विकली जात नाही ती घरी मीठ लावून सुकवते. त्या सुक्या मासोळीला आम्ही सुकसी म्हणतो. शाळा दहावीपर्यंत झाली, म्हणून लिहिता येतं. तालुक्याच्या दवाखान्यात आमच्या गोळ्यांची जी खोली आहे तिथली ताई म्हणाली, तुम्ही सोसलं ते लिहून काढा, नवीन येणाऱ्यांना वाचायला देऊ. मी म्हटलं, नाव टाकणार नाही, मला अजून बाजारात बसायचं आहे. ती म्हणाली, चालेल. मग आता लिहिते आहे. थकले की थांबते, पुन्हा लिहिते, तेव्हा वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

लावलेलं दार

त्या वेळी माझा ताप उतरतच नव्हता. गावच्या डॉक्टरच्या सुया झाल्या, बाहेरचं असेल म्हणून उतारेही झाले. शेवटी भंडाऱ्याच्या दवाखान्यात भरती केलं. आधी छातीचा फोटो, मग थुंकी, मग रक्त. काही दिवसांनी एका खोलीत बोलावलं. मी आत गेले आणि तिथल्या बाईने उठून माझ्यामागे दार लावलं. माझ्या आधी गेलेल्या बायांच्या वेळी ते दार उघडंच होतं, हे मी बाकावर बसून पाहिलं होतं. ती बोलायच्या आतच मला कळलं.

ती पुष्कळ बोलली, चांगलंच बोलली. मला त्यातलं एकही वाक्य आठवत नाही. आठवते ती तिच्या टेबलावरची झाकून ठेवलेली पोह्यांची प्लेट. माझ्यामुळे हिचे पोहे गार होऊन राहिले, याचंच मला वाईट वाटत होतं. माणसाचं डोकं अशा वेळी काहीही धरून बसतं.

मग ह्यांची आणि मुलीची तपासणी झाली. दोघांचंही रक्त चांगलं निघालं. ते कळलं तेव्हा मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून इतकी रडले की शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, हिच्या घरचं कोणी वारलं. तिने मला अर्धं केळं दिलं. मी ते खाल्लं. त्या अख्ख्या भरतीत मला गोड लागलेली गोष्ट तेवढीच.

ह्यांनी मला काही विचारलं नाही. शिव्या दिल्या नाहीत, मारलं नाही, माहेरी सोडतो म्हणाले नाहीत. घरी आल्यावर फक्त आपली बाज ओसरीत नेली. "आत उकडते," म्हणाले. ते पौषाचे दिवस होते.

मुलगी शिकायला वसतिगृहात राहते. घरात आम्ही दोघं आणि सासू. सासूला मी आत्या म्हणते. तिला सांगायचं नाही, हे आम्ही दोघांनी न बोलताच ठरवलं. तिला एवढंच सांगितलं की छातीत पाणी झालं होतं आणि रक्त कमी आहे, म्हणून गोळ्या पुष्कळ दिवस चालतील.

पावशी

विळीला आमच्याकडे पावशी म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हापासून घरातली मासोळी चिरायचं काम माझं होतं. पाय आडवा टाकून पावशीवर बसायचं, शेजारी राखेचं टोपलं. राख लावली की मासा हातातून सटकत नाही. खवले काढायचे, पोट फाडायचं, डोकं वेगळं करायचं. माझा हात असा चालायचा की बाजूच्या घरच्या बाया त्यांची मासोळीसुद्धा माझ्याकडे आणून टाकत.

पण चिरताना बोट कापतंच. पात्याने नाही कापलं तर काटा घुसतो. भंडाऱ्याहून आल्यावर मी पहिल्यांदा पावशीवर बसले आणि माझे हात थरथरायला लागले. बोट कापलं तर? रक्त मासोळीला लागलं तर? ती मासोळी बाजारात कोणाच्या पोराने खाल्ली तर? ताईने मला नंतर शंभरदा समजावलं की रांधलेल्या अन्नातून हा आजार जात नाही, सोबत जेवल्याने जात नाही, मासोळी चिरल्याने तर नाहीच. मला ते कळत होतं, पाठही झालं होतं. पण पावशीवर बसले की पाठ केलेलं सगळं निघून जायचं.

मी आत्याला म्हटलं, गोळ्यांमुळे मला मासोळीच्या वासाने मळमळते. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पावशी आपल्याकडे ओढली.

"जा मंग. तू बाजार पाय. चिराचं मी पायतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बाया स्वतःबद्दलही 'मी पायतो' असंच म्हणतात.

मला वाटलं, काय सोपं गंडवलं म्हातारीला. जी बाई वासाने मळमळते म्हणते, तीच दिवसभर मासोळीची टोपली पुढ्यात घेऊन बाजारात बसते, हे म्हातारीच्या ध्यानात कसं येत नाही, याचं मला हसूही यायचं.

तेव्हापासून वर्षं गेली. तिला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं. बोटांना चिंध्या बांधून ती चिरत बसायची. मी ते पाहून तोंड फिरवून घ्यायची.

थकवा

पुढे काही वर्षांनी मी पुन्हा वाळायला लागले. ताप नव्हता, खोकला नव्हता, नुसता थकवा. दवाखान्यात सांगितलं की सगळे 'आराम करा' म्हणतात, म्हणून नीट सांगते. मी केस विंचरायला घेतले की अर्ध्यावर हात खाली ठेवावा लागायचा. थोडं बसायचं, मग उरलेले विंचरायचे. पाण्याची गुंडी उचलायच्या आधी तिच्याकडे बघत उभी राहायची. बाजारात गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मी त्याच्याच भावाने देऊन टाकायची, कारण बोलायचं कोण? मी, जिच्या तोंडाला लागायला अख्खा बाजार भीत होता.

"तुले काहून इतका थकवा येऊन राहिला वं?" आत्या विचारायची.

"रगत कमी आहे ना," मी म्हणायची.

खरी भीती मला माहीत होती. गोळ्या काम करेनाशा झाल्या असतील तर? मग दुसऱ्या गोळ्या, त्यासाठी नागपूरच्या चकरा, आणि त्याही नाही चालल्या तर पुढे काय, ते मी स्वतःलाही विचारत नव्हते.

हे कळायला एकच तपासणी असते, व्हायरल लोड. रक्तात विषाणू किती आहेत त्याची मोजणी. आपल्याला कसं वाटतं त्यावरून काही कळत नाही, मोजल्यावरच कळतं. त्यासाठी आधी नसेतून नळीभर रक्त द्यावं लागायचं आणि ते थंडाव्यात ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोचवावं लागायचं. म्हणून जिल्ह्याला जायचं. अंधारात निघायचं, उपाशी रांगेत बसायचं, आणि माझ्या नसा अशा दडून बसलेल्या की सुई टोचणाराच माझ्यावर चिडायचा. मागच्या खेपेला रक्त नळीतच गोठलं म्हणून पुन्हा बोलावलं होतं. मी गेलेच नाही. तेवढा जीवच नव्हता अंगात.

म्हणून जेव्हा ताई म्हणाली की आता इथेच बोटातून थेंब घेऊन कागदावर सुकवायचे आणि टपालाने पाठवायचे, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या आजारात कोणीतरी थकलेल्या माणसाचा विचार केला आहे.

कार्ड

श्रावण होता. हे तलावावर होते आणि मला एकटीने गाडीत चढवत नव्हतं, म्हणून आत्या म्हणाली, "मी बी येतो." नको म्हणायला कारण सुचलं नाही. म्हटलं, बाहेर बसवू, तिला काय कळतं.

ते कार्ड म्हणजे जाडसर पांढरा कागद, त्यावर छापलेले गोल. एकेका गोलात एकेक थेंब पडला पाहिजे, गोल भरला पाहिजे, आणि एका थेंबावर दुसरा थेंब टाकायचा नाही. ऐकायला सोपं आहे. पण माझी बोटं मासोळीवाल्या बाईची. मीठ, काटे, खवले यांनी कातडी अशी झालेली की ताईने टोचलं तर आधी काहीच निघालं नाही.

"बोट आहे की खडक?" ताई म्हणाली.

तिने कोमट पाण्यात हात धरायला लावला, मग पुन्हा टोचलं. बोट पिळायचं नाही म्हणे, पिळलं की रक्तात पाणी उतरतं. हात खाली सोडून वाट पाहायची. आम्ही दोघी त्या बोटाकडे बघत बसलो. हळूहळू थेंब धरला, लोंबला, पडला. असं करत करत गोल भरले. दाराच्या फटीतून आत्या सगळं बघत होती, हे मला तेव्हा दिसलं नाही.

ताईने कार्ड एका जाळीवर आडवं ठेवलं. त्या दिवशी माझं एकटीचंच होतं. "आता याला हात लावायचा नाही. सावलीत, आपल्याआप सुकू द्यायचं. तीन-चार तास जातात," ती म्हणाली. मग तिला वॉर्डात बोलावणं आलं. तिने दार ओढून घेतलं आणि गेली. गोळ्या ती आल्यावर मिळणार होत्या. मी बाकावर आडवी झाले आणि लगेच झोपले.

मीठ

ताईच्या ओरडण्याने जाग आली. आवाज मागच्या अंगणातून येत होता. मी भिंत धरत धरत गेले.

बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं. हापशीच्या ओट्यावर, कडक उन्हात, एका विटेवर माझं कार्ड ठेवलेलं. त्याच्यापुढे उकिडवी बसून आत्या पदराने माशा हाकत होती. आणि प्रत्येक लाल गोलावर, चिमटीने टाकावं तसं, मीठ.

आत्याच्या कमरेला मिठाची पुडी असतेच. पावसाळ्यात बाजारात मासोळी उरली तर घरी येईपर्यंत ती नासते, म्हणून तिथल्या तिथेच मीठ लावावं लागतं. तिची अख्खी जिंदगी त्यातच गेली.

"काकू, हे काय केलं तुम्ही!" ताई म्हणाली.

"काय केलं? सुकवून राहिलो," आत्या म्हणाली. "त्या खोलीत ओल किती आहे पाय. भितीले हात लावला तं पानी लागते. तिथं ठेवलं असतं तं संध्याकाळपर्यंत वास सुटला असता."

"पण मीठ कशाला लावलं?"

"मंग? रगतच आहे ना? मीठ नाई लावलं तं सडून जाईन. केवढ्या मुश्किलीनं निघालं तिच्या बोटातून, मी पायलं ना."

ताईने कपाळाला हात लावला. मग तिने, रागावलेलीच होती तरी, खाली बसून आत्याला समजावलं की याला ऊन चालत नाही, मीठ तर मुळीच नाही, आता यात काहीच मोजता येणार नाही. कार्ड वाया गेलं.

आत्याचं तोंड उतरलं. तिने कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे तिले पुन्हा टोचावं लागते का?"

"हो."

"माह्या बोटातलं घेतलं तं नाई चालत का?"

ताई 'नाही' म्हणाली, पण यावेळी हळू आवाजात. आणि कार्ड उचलून आत गेली.

आम्ही दोघी हापशीच्या ओट्यावर बसून राहिलो. आत्याने भाताचा डबा सोडला. मी खाल्लं नाही. मी विचारलं, "आत्या, तो कागद कायचा होता तुमाले माईत आहे का?"

"माईत आहे."

"काय माईत आहे?"

"तेच. मोठी बिमारी." ती भात कालवत होती. "भंडाऱ्याच्या दवाखान्यातच सांगतलं होतं मले, वार्ड झाडाले येत होती त्या बाईनं. म्हने, बुढे, सुनेचं गिलास अलग ठेवजो."

मी विचारलं, "मंग ठेवलं का?"

"गिलासं हायेत किती घरात?" आत्या म्हणाली.

खरं सांगते, आधी मला राग आला. इतकी वर्षं मी चोरासारखी पेटीच्या तळाशी गोळ्या लपवत होते, कपड्यांच्या आड तोंड करून गिळत होते, आणि हिला माहीत! पहिल्या दिवसापासून माहीत! मी तिच्यावर ओरडलेच. "मंग बोलल्या काहून नाई तुमी?"

"तू सांगशीन म्हनून वाट पाहून राहिलो होतो."

"आन पावशी?"

"तू भेत होती ना वं," ती म्हणाली. "पावशीवर बसली का तुये हात थरथर करत. मंग मी घेतली. मले कायचं भेव आहे?"

मी भिंतीला डोकं टेकलं आणि रडले. चांगलं मोकळ्याने रडले, येणारे-जाणारे बघत होते तरी. आत्याने मला गप्प केलं नाही. तिने भाताचा घास माझ्या तोंडासमोर धरला आणि मी तो घेईपर्यंत हात खाली केला नाही.

त्या दुपारी ताईने दुसऱ्या हाताचं बोट टोचलं आणि या वेळी खोलीला कुलूप लावलं. सुकल्यावर रक्ताचे ते गोल करवंटीसारखे काळपट तपकिरी झाले. ताईने कार्ड पातळ कागदात गुंडाळून पिशवीत घातलं, सोबत ओल शोषणाऱ्या खड्यांच्या पुड्या टाकल्या, पिशवी बंद केली. नव्या चपलांच्या खोक्यात निघतात तसल्या पुड्या.

"पाय, ताईबी टाकतेच ना काहीतरी," आत्या मला कानात म्हणाली. "मीठ नाई तं दुसरं."

हॉल्टिंग गाडी

तपासणीचं उत्तर वाईट आलं. आकडा मोठा होता. ताईनेही, भंडाऱ्याच्या त्या बाईसारखं, दार लावलं, पण आता आत्या दाराच्या आत होती.

ताईने विचारलं, गोळ्या चुकतात का? चुकत होत्या. पाहुणे आले की पेटी उघडता येत नसे, आत्या पेटीजवळ पडली असली की वेळ टळायची, मग आज राहू दे, उद्या घेऊ. लपवून औषध घेणाऱ्याचं असंच होतं. ताई रागावली नाही. म्हणाली, गोळ्या बदलायच्या आधी काही महिने एकही न चुकता घेऊन बघू. मग पुन्हा कार्ड. आकडा खाली आला तर याच गोळ्या चालतील. नाही आला तर नागपूरला पाठवावं लागेल.

घरी आल्यावर आत्याने पेटीतून गोळ्यांचा डबा काढला आणि भिंतीतल्या देवळीत, काडेपेटीशेजारी, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. ह्यांनी ते पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि जाळं विणायला बसले. त्यांच्या खांद्यावरूनही काहीतरी उतरलं असावं, पण ते सांगणारे नव्हेत.

आत्याला घड्याळ कळत नाही. आमच्या गावात संध्याकाळी एसटीची हॉल्टिंग गाडी येते, रात्रभर थांबते, सकाळी परत जाते. ती पारापाशी वळायला लागली की तिचे दिवे आमच्या भिंतीवरून फिरतात. आत्याने तीच वेळ धरली. दिवे फिरले की ती जिथे असेल तिथून ओरडायची, "गाडी आली वं! गोळी!" अख्ख्या मोहल्ल्याला वाटायचं म्हातारीला गाडीचं वेड लागलं.

एकदा गाडी रस्त्यात बिघडली. मी मोबाइलमध्ये वेळ पाहून डबा घेतला, तर आत्या भांडायला उठली.

"अजून गाडी नाई आली."

"आत्या, वेळ झाला ना."

"गाडी नाई आली तं वेळ कसा झाला?"

शेवटी ह्यांनी ओसरीतून सांगितलं, "माय, घेऊ दे तिले. गाडी आज येत नाई." आमच्या घरात ह्या आजाराबद्दल त्यांनी काढलेले ते पहिले शब्द. मी गोळी घेतली आणि तांब्याआड तोंड लपवून हसले.

थकवा लगेच गेला नाही. तो हळूहळू जातो, इतका हळू की गेला हे आपल्याला उशिरा कळतं. दिवाळी झाली, धान कापून झालं, आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं की मी एका दमात केस विंचरले.

राखण

पुन्हा कार्ड द्यायला गेलो तेव्हा थंडी पडली होती. आत्या आलीच. ताईने तिला बघितल्याबरोबर विचारलं, "काकू, मीठ कुठं आहे?"

आत्याने कमरेची पुडी काढून ताईच्या टेबलावर ठेवली. "जाताना वापस घेतो," म्हणाली.

मग ती त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली. ताईने तिला बसू दिलं. कार्ड जाळीवर, आत्या उंबऱ्यावर, आणि मी बाकावर. उन्हाची तिरीप खिडकीतून आत सरकायला लागली तशी आत्या उठली आणि लुगड्याचा पदर पसरून खिडकीत उभी राहिली, उन्हाला पाठ करून. ताई म्हणाली, "काकू, तिथपर्यंत ऊन येत नाही, बसा." आत्या म्हणाली, "येते. ऊन कुठंबी येते." ऊन भिंतीवरून उतरून जाईपर्यंत ती तशीच उभी होती. तिचे गुडघे दुखतात, मला माहीत आहे. मी बाकावरून बघत होते आणि मला वाटलं, आकडा काहीही येवो, माझ्या वाट्याला जे यायचं ते आलं आहे. पण असं वाटणं आणि वाट पाहणं वेगळं. वाट मी पाहतच होते, रोज.

ज्या बाईला हे वाचायला दिलं असेल तिला एकच सांगते. घरातल्या एका तरी माणसाला सांग. कदाचित त्याला माहीतच असेल.

उत्तर

ताईचा फोन आला तेव्हा मी बाजारात होते. पुढ्यात गिऱ्हाईक, हातात तराजू. ताई म्हणाली, "तुमचा विषाणू मोजता येत नाही इतका कमी झाला आहे. याच गोळ्या चालू ठेवायच्या." मी म्हटलं, "हो. हो. बरं." गिऱ्हाईक म्हणालं, जास्त चढवा. मी चढवलं. किती चढवलं ते मला माहीत नाही, ती बाई खूश होऊन गेली.

घरी आले तेव्हा आत्या अंगणात पावशीवर बसली होती. टोपलीत सकाळची मासोळी होती. बोटाला नवी चिंधी, त्यावर राख. ह्यांची बाज अजून ओसरीतच आहे. ताईने त्यांनाही समजावलं आहे की आता घाबरायचं कारण नाही, फक्त माझ्या गोळ्या चुकता कामा नयेत. ते मान हलवतात. त्याचं पुढे बघू.

मी आत्याला सांगितलं.

ती चिरायची थांबली. "म्हंजे तू बरी झाली?"

"नाई आत्या. बरं होत नाई हे. गोळ्या जिंदगीभर आहेत."

"मंग?"

"दबून राहिला तो. गोळ्या घेतल्या तं दबूनच राहीन."

ती माझ्या हातांकडे बघत होती. ते थरथरत नव्हते, मीही बघितलं. मग तिने गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उठवलं, एकदा पाठ सरळ केली, आणि पायाने पावशी माझ्याकडे सरकवली.

"मंग ये. चीर," ती म्हणाली. "माहे हात लय थकले वं."

मी पदर खोचला, पाय आडवा टाकला, हाताला राख लावली. पहिला मासा धरला. आत्या बाजूलाच, जमिनीवर, उशाला हात घेऊन आडवी झाली. मी ती टोपली संपवायच्या आत ती घोरायला लागली होती.